बाह्यांची गोधडी

आमच्या घरात एक गोधडी आहे आणि तिला दोन बाह्या आहेत. थंडीत पाहुणे आले की मी मुद्दाम तीच काढून देते. सकाळी चहाला येताना पाहुणा जरा बावरलेला असतो. एका गृहस्थांनी तर बायको आंघोळीला गेल्याची खात्री करून मला हळूच विचारलं, "वहिनी, पहाटे मला कोणीतरी मिठी मारल्यासारखं वाटलं हो." मी म्हटलं, "मारली असेल. माणसाळलेली आहे ती."

या बाह्या कुठून आल्या ते सांगायचं तर कपाटाच्या डोक्यावरून सुरुवात करावी लागेल.

आम्ही जळगावात मेहरूणला राहतो. आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे आणि त्याच्या डोक्यावर माझ्या चार अर्धवट गोधड्या कित्येक वर्षं सुखाने नांदत होत्या. पहिली घेतली होती मुलाच्या पाळण्यासाठी. मुलगा पाळण्यातून उतरला, शाळेत गेला, त्याला मिशा फुटल्या. आता तो पुण्यात नोकरी करतो आणि पलंगाच्या बाहेर पाय काढून झोपतो. गोधडी मात्र पाळण्याच्या मापाचीच राहिली, दोन कडा शिवलेल्या, तिसरीला टाचण्या. दुसरी शिवताना मी नेसत्या साडीचा पदर तिच्यात शिवून घेतला होता. दाराची बेल वाजली, मी तरातरा उठले आणि गोधडी माझ्यामागून निघाली. दारात गॅसवाला होता. त्याने सिलिंडर खाली ठेवलं आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. देवीची पालखी चालल्यावर माणूस उभा राहतो ना, तसा. मी पदर कापून सुटका करून घेतली आणि त्या गोधडीशी बोलणंच टाकलं.

तिसरी मखमलीची. मी शाळेत शिकवायचे आणि स्नेहसंमेलनाची नाटकं बसवायचे. रंगमंचाचा जुना लाल पडदा बदलला तेव्हा तो मी मागून आणला. म्हटलं, अशी राजेशाही गोधडी खान्देशात कोणाकडे नसेल. ती का नसते हे पहिल्या टाक्याला कळलं. मखमलीत सुई जात नाही, आणि गेली तर परत यायला तयार होत नाही. चौथी सगळ्यांत मोठी. घरातल्या सगळ्यांच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून करायची होती. तिचा नकाशा माझ्या डोक्यात फार सुंदर होता. डोक्यातून तो खाली उतरलाच नाही, एवढंच.

आता आमच्या ह्यांच्याकडे वळते. ह्यांचा धंदा केळीचा. ट्रक भरायचे, काट्यावर न्यायचे, वजन करायचं, रवाना करायचे. सगळा जन्म वजनं करण्यात गेला आणि स्वतःच्या वजनाकडे मात्र त्यांनी कधी वळून पाहिलं नाही. गुडघा गेला. जिना म्हटलं की त्यांचा चेहरा कोर्टात उभं केल्यासारखा व्हायचा. मेहरूणच्या तलावावर सकाळी फिरायला जाणारा माणूस, आता गाडीत बसून तलाव बघायला लागला. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गुडघा बदलावा लागेल, पण आधी वजन उतरवा. उतरलं की तारीख देते. नाही उतरलं तर काही वर्षांत खुर्चीतून उठणंही अवघड होईल.

हे ऐकून मी घाबरले. ते ऐकून ह्यांना भूक लागली.

दुधीचा रस पिऊन झाला की म्हणायचे, "छान. आता जेवायला काय?" डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली भाजी ते खायचेच, पण शेवभाजीच्या आधी, तोंड तयार करायला. भरीत तर त्यांच्या मते मुळात वांगं, म्हणजे भाजीपालाच. दोनदा धुळ्याला जाऊन आलो आणि दोन्ही वेळा काटा मागच्या खेपेपेक्षा पुढे गेलेला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आता शेवटचं. पुढच्या वेळीही असंच असेल तर मी तुमच्यात पडणार नाही."

मग अक्का आल्या. अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. धुळ्याला राहतात. भाऊ ऐकत नाही म्हटल्यावर पिशवी भरून थेट जळगावला उतरल्या. शहरात राहून आयुष्य गेलं, पण बोलणं अजून गावाकडचंच. मला कौतुकाने काही म्हणायचं असेल तर मुकाट बसतात, आणि टोमणा असेल तर "वहिनीबाई" म्हणून सुरुवात करतात.

आल्या त्याच दुपारी त्यांनी पांघरूण शोधायला कपाटावर हात घातला. चारही गोधड्या एकदम त्यांच्या अंगावर आल्या. मी धावले तेव्हा मखमलीखालून फक्त आवाज येत होता.

"ओ माय! हाई काय शे?"

मी त्यांना मोकळं केलं. त्या तिथेच जमिनीवर बसून एकेक गोधडी उलटीपालटी करून बघायला लागल्या. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता पोलीस बोलावतात.

"वहिनीबाई, ह्या बठ्ठ्या उपाशी शेतस!"

चारही उपाशी? ही पद्धत मला माहीत नव्हती. माझं माहेर बोदवडकडचं. आमच्याकडे गोधड्या शिवायला बाहेर देत. अक्कांच्या घरची रीत अशी: गोधडी कडेने शिवायला घ्यायची आणि धावदोऱ्याचे वेढे घालत घालत आत मध्यापर्यंत जायचं. अगदी मधोमध तळहाताएवढं तोंड उघडं ठेवायचं. त्यात भाकरीचा एक घास ठेवायचा आणि मग तोंड शिवून टाकायचं. गोधडी जन्मभर दुसऱ्यांना ऊब देणार, तिला उपाशी कसं ठेवायचं? पण शिवायला घेऊन तशीच टाकली, तोंड उघडं राहिलं, की तिची भूक घरात फिरते. आणि घरात जो खाणारा असेल त्याच्या पोटात जाऊन बसते.

"घरमा चार चार जणी उपाशी," अक्का म्हणाल्या, "आनि तू इचारस, मना भाऊ इतका का खास!"

पलंगावरून ह्यांनी हे ऐकलं. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातही पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मी खातो ते माझं नाहीच," ते म्हणाले. "ह्यांचं खातो."

"अहो, काहीतरीच काय!"

"अक्का खोटं बोलेल का? चार बायांचं पोट आहे माझ्यावर. संध्याकाळी भजी कर. मखमलीचं मन झालंय."

आणि खरंच सुरू झालं ते. नाश्त्याला दोन जास्तीच्या पुऱ्या पाळणावालीच्या नावाने. दुपारी पदरवालीचा भात. ताट पुढे सरकवून म्हणायचे, "थोरलीचं राहिलं बघ." मी वाढायला नाही म्हटलं की दुखावल्या स्वरात, "माझं ठीक आहे गं, पण त्या मुक्या जिवांचं काय?" मी स्वयंपाकघरात जाऊन अक्कांवर तणतणले, "अक्का, तुम्ही आगीत तेल ओतलंत." अक्का शांतपणे लसूण सोलत म्हणाल्या, "तू गोधड्या पुऱ्या कर. त्याना बहाणा जाई." मग बाहेर जाऊन भावासमोर उभ्या राहिल्या. चारही गोधड्या जेवल्या की ज्यांचं त्यांनी खायचं, आणि डॉक्टरीणबाई सांगतील तेवढंच खायचं. कबूल? ह्यांनी कपाटावरच्या ढिगाकडे नजर टाकली. इतक्या वर्षांत न झालेलं काम. हसत हसत हात पुढे केला. "कबूल."

तो हात बघून माझ्या अंगात संचारलं. नवऱ्याचा गुडघा एका बाजूला आणि माझ्या हातावरचा त्यांचा हा अविश्वास एका बाजूला. दुसऱ्याने जास्त झोंबलं, खरं सांगते.

पाळणावाली आधी घेतली. अक्का समोर बसून बघायच्या. माझा पहिला वेढा झाल्यावर चष्मा वर करून म्हणाल्या, "हाई टाका शे का रस्तावरना खड्डा?" एक टाका बोटभर लांब, पुढचा मुंगीएवढा, मग रागाच्या भरात दोन एकमेकांवर चढलेले. दोरा लांब घेतला की गुंता, आखूड घेतला की संपला. बोटात घालायची लोखंडी टोपी मी आधी भलत्याच बोटात घालत होते. मग टोचून टोचून योग्य बोट आपोआप कळलं. अक्कांनी शिकवलं ते एवढंच, की सुईकडे बघू नको, सुई जिथे निघणार आहे तिथे बघ. नाटकातही मी मुलांना हेच सांगायचे, समोरच्याच्या डोळ्यात बघा, आपल्या वाक्याकडे नको. तेव्हापासून टाके जरा रांगेत उभे राहायला लागले. शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरांसारखे, पण रांगेत.

पाळणावाली पुरी झाली. मधल्या तोंडात अक्कांनी ज्वारीच्या भाकरीचा वाळवलेला घास ठेवला, वर चौकोनी ठिगळ बसवलं, मी ते शिवलं. पुण्याला मुलाला फोटो पाठवला. तो म्हणाला, "आई, छान आहे. पण आता ही माझ्या एका पायालाच पुरेल." मी म्हटलं, दुसऱ्या पायाचं नंतर बघू.

पदरवालीने छळलं. तिचा जिथे मी पदर कापला होता तिथून सगळा वेढाच ढिला पडून उसवला होता. अक्का कडाडल्या, "कैंची लावी का तू? तोंड उघडं ऱ्हास तोवर गोधडीले कैंची लावानी नही!" मला पाठ करायला लावलं ते वाक्य. मखमलीसाठी चांभाराकडून दाभण आणली. एक टाका घालायचा म्हणजे मी गुडघ्याने गोधडी दाबायची आणि अक्कांनी पलीकडून पक्कडीने सुई ओढायची, दात काढल्यासारखी. तिला घास भरवला तेव्हा अक्का घामाघूम होऊन म्हणाल्या, "इले तर पुरणना मांडा द्यावा लागी. राणी शे."

तिघी जेवल्या. ह्यांच्या खाण्यात रतीभर फरक नाही. "थोरली राहिली ना," ते म्हणायचे. "तिची भूक सगळ्यांत मोठी." पण हल्ली हे म्हणताना त्यांचा आवाज तितका ठणठणीत नसायचा. कपाटाचं डोकं रिकामं झालेलं त्यांना पलंगावरून दिसत होतं.

थोरलीच्या कामात त्यांनी मला मदतच करायला घेतली. म्हणजे रोज एक जुना कपडा आणून द्यायचे. ही पॅन्ट जोड, ही लुंगी जोड, हा टॉवेल आपल्या लग्नातला. गोधडी शेजारच्या शेतात सरकणाऱ्या बांधासारखी वाढत चालली. शेवटी ती एवढी झाली की खोलीत मावेना, गच्चीवर पत्र्याच्या सावलीत पसरावी लागली. गंमत बघायला हेही जिन्याचा कठडा धरून, थांबत थांबत वर येऊन बसायचे. त्यांच्या तीन पॅन्टी तिच्यात गेल्यावर अक्कांना संशय आला. "याले घालाले काई ठेवशी का नही?"

एवढ्या मोठ्या गोधडीची एक अडचण असते. खाली अस्तर, मध्ये जुन्या साड्यांचे थर, वर ठिगळं. शिवताना हे थर एकमेकांवरून सरकतात. मग मध्ये फुगा येतो, कडेला सुरकुत्या. मधोमध काहीतरी जड ठेवावं लागतं. मी पाटा ठेवला, वरवंटा ठेवला, गव्हाचा डबा ठेवला. थोरली सगळ्यांना घेऊन सरकली. अक्का कमरेवर हात ठेवून विचार करत उभ्या राहिल्या, आणि त्यांची नजर हळूहळू फिरत आपल्या भावावर येऊन थांबली.

"भाऊ, इकडे ये."

ह्यांना मधोमध उताणं झोपवलं. थोरली जागच्या जागी बसली. एक सुरकुती नाही. इतकं देखणं दृश्य मी कोणत्याही रंगमंचावर लावलं नव्हतं. दोन्ही हात पसरून मध्ये हे, आणि भोवती सगळ्या घराचे रंग.

"मस्त," ते म्हणाले. "वारा पण आहे. शेंगदाणे दे गं थोडे."

"गोधडीवर बठीसन खावानं नही," अक्का म्हणाल्या.

"मी झोपलोय."

"झोपीसन बी नही. खरकटं पडी, मुंग्या येतीन, गोधडी उष्टी व्हई. उपाशी जीवले उष्टं देशी का?"

हे उत्तर त्यांच्याच मुक्या जिवांच्या तत्त्वज्ञानातून आलेलं. शेंगदाण्यांसाठी पुढे केलेला हात त्यांनी परत पसरला. आणि मी सकाळी चहा झाल्यावर शिवायला बसले की संध्याकाळपर्यंत उठायचे नाही. मधे डॉक्टरीणबाईंच्या मापाचं जेवण करायला त्यांना उठवायचं, पाणी पाजायचं, परत झोपवायचं. रोज वेढा थोडा आत सरकायचा. कडेवरून मी त्यांच्या भोवती फिरत होते, पाखराने घरटं विणावं तशी. शेजारच्या गच्चीवरच्या काकू कपडे वाळत घालताना रोज विचारायच्या, "आज कुठपर्यंत आलं?" आणि हे आकाशाकडे बघत उत्तर द्यायचे, "कोपरापर्यंत."

पोट उतरायला लागलं. मला आधी टाक्यांवरून कळलं. वेढा त्यांच्या अंगाजवळ आल्यावर अडेल असं वाटलं होतं, पण तो जवळ जाईल तसे ते आत सरकत होते.

एका दुपारी मी सुईत दोरा ओवत होते. अक्का त्यांच्या डोक्याशी बसून डाळ निवडत होत्या. त्यांना वाटलं मी ऐकत नाहीये. ह्यांनी विचारलं, "अक्का, भूल देतात तेव्हा माणूस कुठे जातो?"

"कुठे जाई? झोपस."

"आणि नाही उठला तर?"

अक्कांनी डाळीतला खडा काढून फेकला. "तू दुपारले जेवीसन झोपस, उठस का नही? चहाना वास उना का उठस. मी चहा लिसन उभी ऱ्हासू."

मी दोरा ओवायला त्या दिवशी फार वेळ लावला. इतके दिवस ज्या भुकेला मी नावं ठेवत होते, ती भजी-पुऱ्यांची नव्हतीच तर. वजन उतरलं की तारीख, आणि तारीख म्हणजे भूल. अक्कांना हे आल्या दिवशीच कळलं असणार. म्हणून त्यांनी भूक गोधड्यांच्या पदरात घातली.

धुळ्याला जायचा दिवस आला. दुपारची वेळ मिळाली होती. थोरलीचे शेवटचे दोन वेढे राहिले होते आणि मला हट्ट, ती पुरी करूनच निघायचं. अक्का खाली भाकरी थापत होत्या. हे मध्ये झोपलेले, आणि गच्चीवरच्या वाऱ्यात खरोखर झोप लागलेली. त्यांनी निळ्या चौकड्यांचा सदरा घातला होता. तो सैल झाला होता, त्यामुळे दोन्ही बाजूंना ठिगळांवर पसरला होता. शेजारीच त्यांच्या जुन्या निळ्या लुंगीचं ठिगळ. आणि माझा हात त्या दिवशी काय चालत होता म्हणून सांगू! एकसारखा टाका, एकसारखं अंतर. इतके सुंदर टाके मी जन्मात घातले नव्हते. मी सुईकडे बघतच नव्हते. वेढा पुरा केला, दोऱ्याची गाठ मारली, आणि त्यांना हाक मारली, "अहो, उठा. झालं."

ते उठले. गोधडीही उठली.

क्षणभर आम्ही तिघेही एकमेकांकडे बघत राहिलो. म्हणजे ते, मी आणि गोधडी. ती त्यांच्या पाठीवरून गच्चीभर पसरली होती. राज्याभिषेकाला निघाल्यासारखी.

"मी कात्री आणते," मी म्हटलं.

"कात्री कशी लावशील?" हे म्हणाले. चेहरा गंभीर. "तोंड उघडं आहे अजून. अक्काने काय सांगितलंय?"

अक्का भाकरी घेऊन वर आल्या, त्यांनी बघितलं, पदर तोंडाला लावला आणि खोकला आल्याचं दाखवलं. मग म्हणाल्या, "कैंची नही लावानी."

"मग आजचं राहू दे," हे म्हणाले. "असं कसं जाणार? पुढच्या वेळी बघू."

तो आवाज मी ओळखला. माझ्या नाटकातली पोरं ऐन पडदा उघडताना म्हणायची, बाई, पोटात दुखतंय. तोच आवाज. मी म्हटलं, "काही राहायचं नाही. गोधडीसकट चला."

जिन्यावरून आम्ही त्यांना उतरवलं. मी पुढे, ते मध्ये, अक्का मागे गोधडीची टोकं हातावर घेऊन. शेजारच्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. गाडी मी चालवत होते. अक्का माझ्याशेजारी, भाकरीचा डबा मांडीवर. मागची सगळी सीट थोरलीने घेतली आणि तिच्या मधोमध फक्त ह्यांचं डोकं, पेढ्याच्या खोक्यातल्या पिस्त्यासारखं.

एरंडोलला चहासाठी थांबलो. शेजारी गरम भजी निघत होती. वास गाडीत आला. हॉटेलवाल्याने काच खाली असलेली बघून ताट थेट ह्यांच्या नाकासमोर धरलं. "घ्या ना, काका. थंडी वाजतेय वाटतं?"

ह्यांनी ताटाकडे पाहिलं. मग आरशातून माझ्याकडे. मग अक्कांच्या पाठीकडे.

अक्कांनी मान वळवली नाही. "गोधडीवर खावानं नही."

"मी गोधडीवर नाहीये. गोधडी माझ्यावर आहे."

"तू तिना मधमा शे. तिना तोंडजवळ. उपाशी जीवना तोंडसमोर एकट्याने खाशी?"

हॉटेलवाल्याला यातलं काय कळलं देव जाणे, पण त्याने ताट मागे घेतलं आणि हात जोडले. तिथेच, चहाचा कप हातात असताना, माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख चमकलं. इतकं सोपं, इतकं समोरचं, की मी चहा सांडला. मी अक्कांकडे पाहिलं. अक्का समोर रस्त्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या गालाला खळी पडत होती.  कप परत दिला आणि गाडी सुरू केली. पारोळा येईपर्यंत ह्यांना भज्यांची गाणी ऐकू येत होती, असं त्यांचं म्हणणं.

धुळ्याच्या दवाखान्यात आम्ही शिरलो तेव्हा बसलेली माणसं उठून उभी राहिली. कोणाला तरी वाटलं, खेड्यावरून भगत आलाय. एका आजीने नमस्कारही केला आणि ह्यांनी आशीर्वाद दिला. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, पाहिलं, दार लावलं, पुन्हा उघडलं.

"काका, हे काय?"

"आधी काट्यावर उभा राहतो," हे म्हणाले. आता ते धंद्यातल्या आवाजात आले होते. "केळीच्या ट्रकचं कसं असतं बघा. भरल्या गाडीचं वजन घ्यायचं. मग रिकाम्या गाडीचं घ्यायचं. ते वजा केलं की माल."

"रिकामी गाडी म्हणजे?"

"गोधडी. फार जड आहे. तुम्हाला कल्पना नाही. तीन पॅन्टी आहेत माझ्या, त्याही जाड. हवं तर अंदाजाने जास्तच धरा."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली. निळ्या चौकड्यांवरचा वेढा बोटाने चाचपला. "टाके सुरेख आहेत," त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी मेलं तरी चाललं असतं. मग त्या पुढे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, सदऱ्याला बटणं आहेत ना?"

नमस्कार केलेली आजी मान वाकडी करून बघायला लागली.

ह्यांनी खाली पाहिलं, जणू बटणं आत्ताच उगवली होती. एक काढलं, दुसरं काढलं, आणि बाहेर आले. बनियनवर. सदरा गोधडीवर हात पसरून तसाच राहिला.

"मला एरंडोललाच सुचलं होतं," मी म्हटलं. "पण भजी होती ना."

"माले तर गच्चीवरच सुचनं," अक्का म्हणाल्या. "पण भजी तर रस्तामा लागतीसच."

दोघींनी ह्यांच्याकडे पाहिलं. ते काट्याकडे बघत होते. "मला जाग आली तेव्हाच," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, असं कोणी नेणार नाही."

मग ते काट्यावर चढले. चढताना अक्कांचा हात धरला, मग सोडला. गुडघ्यासाठी की कशासाठी, मी विचारलं नाही. डॉक्टरीणबाई वाकून बघत राहिल्या, त्यांना उतरायला लावलं, पुन्हा चढायला लावलं, आणि सरळ होऊन हसल्या. "दिली तारीख."

हे खुर्चीत बसले.  मग गोधडीची एक कड हातात घेऊन विचारलं, "ही आत नेता येते का? ऑपरेशनला?"

"आत नाही, काका. पण खोलीत येईल. तुम्ही बाहेर याल तेव्हा अंगावर घालू."

"आणि चहा," अक्का म्हणाल्या. "चहा मी आणसू."

अक्कांनी दवाखान्याच्या बाकावर थोरलीला पसरलं, सदऱ्याच्या पाठीखाली हात घालून तोंड शोधलं आणि डबा उघडला. भाकरीचा घास मोडला. हे बघत होते. दिवसभराचा उपाशी माणूस, आणि समोर गोधडी जेवणार. अक्कांनी घासाचे दोन तुकडे केले. एक गोधडीच्या तोंडात ठेवला, एक भावाच्या. ह्यांनी तो चावून चावून खाल्ला, आणि खाऊन झाल्यावर आणखी मागितला नाही. मी सुई काढली आणि तोंड शिवून टाकलं.

सदरा उसवायचा विषय मी काढला होता. अक्का म्हणाल्या, "आते जेवीसन झाई. राहू दे."

ऑपरेशननंतर त्यांना खोलीत आणलं तेव्हा ते भुलीतच होते. आम्ही थोरली अंगावर घातली. अक्का चहाचा कप घेऊन उशाशी उभ्या राहिल्या, आणि मी एकेक करून त्यांचे हात बाह्यांत घातले.